वँगरॅटाची सात वर्षे

बॉब रोज यांची कारकीर्द सांगताना ऑस्ट्रेलियात बहुतेक जण तिचे दोन भाग पाडतात. पहिला भाग ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूचा. मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबसाठी १९४६ ते १९५५ या काळात १५२ सामने, २१४ गोल, क्लबमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी कोपलँड ट्रॉफी चार वेळा आणि १९५३ ची प्रीमियरशिप, म्हणजे लीगचे विजेतेपद. दुसरा भाग प्रशिक्षकाचा. त्याच क्लबची सूत्रे १९६४ पासून आठ वर्षे, तीन ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामने, आणि तिन्हींत हार. या दोन भागांच्या मध्ये सात वर्षे उरतात. १९५६ ते १९६२ या हंगामांत रोज व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येला वँगरॅटा नावाच्या गावी होते. तिथल्या रोव्हर्स क्लबचे कर्णधारही तेच आणि प्रशिक्षकही तेच. एवढा मोठा काळ 'मधल्या काळात ते गावाकडे होते' अशा एका वाक्यात उरकला जातो. सिनेमाचे मध्यंतर असावे, लोकांनी बटाटेवडा खाऊन पुन्हा जागेवर यावे, तसा. माझे म्हणणे असे की या माणसाची खरी कारकीर्द त्या मध्यंतरातच आहे. आणि ते एकदा मान्य केले, तर 'कंट्री फुटबॉल' म्हणजे शहराला खेळाडू पुरवणारी रोपवाटिका, ही सर्रास रूढ असलेली समजूतही सोडून द्यावी लागते.

मराठी वाचकासाठी आधी खेळाची थोडी ओळख हवी. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला परके नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यामुळे संतापलेले सुनील गावसकर चेतन चौहानांनाही सोबत घेऊन निघाले होते, ते याच मैदानातून. पण मेलबर्नकराच्या मनात या मैदानाचे नाते जडलेले आहे ते सप्टेंबरशी, हिवाळा सरताना होणाऱ्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याशी. या खेळाचे नियम १८५९ मध्ये कागदावर आले. क्रिकेटपटूंचे अंग हिवाळ्यात आखडू नये हा मूळ हेतूंपैकी एक, म्हणून मैदानही क्रिकेटचेच, लंबवर्तुळाकार. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, चेंडू लांबट, ऑफसाइडची भानगड नाही. चेंडू पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलायचा. फेकता येत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', एकच गुण. नेम थोडा चुकला तरी पदरात काहीतरी टाकणारा असा उदार खेळ दुसरा मला ठाऊक नाही, आणि याच उदारपणाने रोज यांचा पुढे घात केला. रोज खेळायचे ते रोव्हरच्या जागी. उंचापुऱ्या रकमनने उडी घेऊन हवेत टोलावलेला चेंडू खाली पायांच्या गर्दीतून उचलायचा आणि वाट काढत सुटायचे, हे रोव्हरचे काम. त्याला उंची लागत नाही. चपळाई आणि मार खाण्याची तयारी लागते.

दुसरी ओळख 'कंट्री' या शब्दाची. ऑस्ट्रेलियन बोलीत राजधानीच्या वेशीबाहेरचे सगळे कंट्री. त्यात वाडीही आली आणि हजारोंच्या वस्तीचे गिरण्यांचे गावही. रोज जन्मले ते पहिल्या प्रकारात, ७ ऑगस्ट १९२८ रोजी, व्हिक्टोरियाच्या वायव्येला मरे नदीजवळच्या नाया वेस्ट या लहानशा वस्तीत. तो मॅली नावाने ओळखला जाणारा कोरडा मुलूख. तिथून पोरवयात मेलबर्नला आलेला, मुष्टियुद्धाचा नाद असलेला हा मुलगा सतराव्या वर्षी कॉलिंगवूडच्या पहिल्या संघात दिसू लागला. त्याच्या पाठोपाठ त्याचे भाऊही त्याच क्लबकडून खेळले. इथवर कथा रोपवाटिकेच्या समजुतीला धरूनच चालते. गावात रोप उगवले, शहराने उपटून नेले, शहरात ते फोफावले. अडचण येते ती १९५५ च्या हंगामानंतर. सत्ताविशीतला, अंगात अजून चार-पाच हंगामांचे बळ असलेला, चाहत्यांच्या गळ्यातला ताईत झालेला हा खेळाडू देशातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एक सोडून उलटा गावाकडे निघाला. तेही आपल्या नाया वेस्टला नव्हे, तर राज्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या, रक्ताचे काही नाते नसलेल्या गावाला. म्हणजे गावची ओढ लागली म्हणून गेला, असेही म्हणण्याची सोय नाही.

याचे उत्तर व्यवहारात आहे. १९३० मध्ये, मंदीच्या तोंडावर, मेलबर्नच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने खेळाडूंच्या मोबदल्याला मर्यादा घातली. कायदा कूल्टर यांच्या नावाने ओळखला जातो. सामन्याला जास्तीत जास्त तीन पौंड, आणि नवा खेळाडू यावा म्हणून एकरकमी आमिष दाखवायला बंदी. श्रीमंत क्लबांनी गरीब क्लबांचे खेळाडू पळवू नयेत हा हेतू चांगलाच होता. त्या नियमाचा पहिलाच मोठा बळीही कंट्रीचाच. ऑल्बरीच्या हेडन बंटन यांना फिट्झरॉय क्लबने २२२ पौंड देऊ केल्याचे उघडकीला आले आणि त्यांना १९३० चा हंगाम बाहेर बसून काढावा लागला. पुढच्या वर्षी मैदानात उतरले ते पदार्पणातच लीगचे सर्वोच्च वैयक्तिक पदक, ब्राउनलो, घेऊन गेले. रक्कम पुढे वाढत गेली तरी मर्यादेचे तत्त्व टिकले. पण हा कायदा लीगचा होता, राज्याचा नव्हता. लीगच्या हद्दीबाहेर कुणी किती द्यावे यावर मेलबर्नचे काही चालत नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर या हद्दीबाहेरच्या मुलखात पैसा आला. कोरियाच्या युद्धाने लोकरीला इतके वर चढवले की १९५१ मध्ये एका पौंड वजनाला एक पौंड किंमत मिळाली. गहू, मेंढ्या, दूध, तंबाखू आणि कापडगिरण्या यांवर उभ्या असलेल्या ईशान्य व्हिक्टोरियाच्या हातात खर्च करायला दोन पैसे खुळखुळत होते, आणि खर्च करण्यासारखी प्रतिष्ठेची गोष्ट गावात एकच होती. शहरात नामांकित खेळाडूला सामन्यागणिक ठरलेली रक्कम आणि उरलेला आठवडा नोकरी. गावात प्रशिक्षकपदाचा पगार, वर धंद्याला हातभार. रोज यांनी वँगरॅटात खेळसाहित्याचे दुकान चालवले. ज्या गावात दर शनिवारी तुमचे नाव ओरडले जाते, तिथे बूट आणि चेंडू विकायला जाहिरात लागत नाही.

रोज एकटेच निघाले असते तर तो एका माणसाचा हिशेब म्हणून सोडून देता आला असता. पण त्यांच्या आगेमागे निघालेल्यांची रांग पाहावी. कॉलिंगवूडचेच मॅक होल्टन त्यांच्याआधी वँगरॅटाच्या दुसऱ्या क्लबात, मॅगपाइजमध्ये, गेले होते. १९४९ ते १९५२ अशी सलग चार वर्षे त्यांनी प्रीमियरशिप जिंकून दिली. १९५५ च्या ग्रँड फायनलमध्ये जबर टक्कर होऊन कोसळलेले कॉलिंगवूडचेच डेस हीली त्याच सुमारास वडोंगाचे कर्णधार-प्रशिक्षक झाले. त्याच वर्षीचे ब्राउनलो विजेते फ्रेड गोल्डस्मिथ पुढे ऑल्बरीला गेले. फिट्झरॉयचे बिली स्टीफन यारावोंगाला गेले आणि १९५९ ची प्रीमियरशिप जिंकून परतले. १९५८ मध्ये कॉलिंगवूडला विजेतेपद मिळवून देणारे मरे वाइडमन यांनीही काही वर्षांनी ऑल्बरी गाठले. ही सगळी गावे एकाच लीगची, ओव्हन्स अँड मरे लीगची. (ओव्हन्स म्हणजे भट्टी नव्हे, मेजर ओव्हन्स यांच्या नावाची नदी.) ही लीग १८९३ ची, मेलबर्नच्या व्हिक्टोरियन लीगचा पहिला हंगाम १८९७ चा. रोपवाटिका बागेपेक्षा वयाने मोठी असल्याचे उदाहरण निसर्गात तरी सापडणार नाही. ही रांग पाहिली की लक्षात येते, इथे मजुरीचे दोन बाजार एकमेकांशी स्पर्धा करत होते, आणि निदान एका विशिष्ट मालाच्या बाबतीत, म्हणजे पंचविशी-तिशीतल्या, खेळ कोळून प्यालेल्या खेळाडूच्या बाबतीत, गावाचा बाजार शहरावर मात करत होता.

आता वँगरॅटा. मेलबर्नपासून अडीचशे किलोमीटरच्या आत, सिडनीकडे जाणाऱ्या ह्यूम महामार्गावर, ओव्हन्स आणि किंग या नद्यांच्या संगमावर. गाव एक, पण लीगमधले क्लब दोन, आणि सगळी गंमत या दोनात. मॅगपाइज जुने आणि जिंकणारे. त्यांचे रंग काळा आणि पांढरा, थेट कॉलिंगवूडचे. रोव्हर्स तुलनेने उपरे. शेजारच्या कमी दर्जाच्या लीगमधून ते १९५० मध्ये वर आले, ते नेमके शेजारी सलग चार वेळा जिंकत असताना. त्यांचे रंग तपकिरी आणि सोनेरी. कॉलिंगवूडचा हाडामांसाचा माणूस गावात येतो आणि काळ्यापांढऱ्यांकडे न जाता त्यांच्या वैऱ्यांचा सदरा चढवतो, याचा गावातल्या न्हाव्याच्या दुकानात काय अर्थ लावला गेला असेल हे सांगायला इतिहासकार लागत नाही. रोव्हर्सनी १९५८ मध्ये ओव्हन्स अँड मरेची पहिली प्रीमियरशिप जिंकली आणि १९६० मध्ये दुसरी. त्या दोन्ही वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचे मॉरिस पदक रोज यांनाच मिळाले.

'कर्णधार-प्रशिक्षक' या पदाकडे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण माझ्या म्हणण्याचा पाया तिथेच आहे. आजचा प्रशिक्षक काचेच्या खोलीत उंचावर बसतो, समोर पडदे, कानाला फोन. गावातला कर्णधार-प्रशिक्षक चिखलात असे. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव. तोही ज्यांना येता येईल त्यांचा, कारण गाई कुणासाठी थांबत नाहीत आणि गिरणीची पाळीही. शनिवारी मैदानाच्या कडेने गाड्या उभ्या. गोल झाला की टाळ्यांऐवजी भोंगे. तिसऱ्या सत्राच्या शेवटी दोन्ही संघ आपापले कोंडाळे करून उभे राहतात. चोळण्याच्या तेलाचा निलगिरीसारखा उग्र वास, चार फाकी केलेली संत्री, गुडघ्यापर्यंत माखलेले पाय. आणि मग मोठ्या शहरात कधी घडू शकत नाही ते घडते. कुंपण ओलांडून प्रेक्षक आत येतात आणि खेळाडूंच्या पाठीमागे दुसरे कोंडाळे करतात. आजोबा, शाळेतली पोरे, चहाच्या टेबलावरून आलेल्या बायका, सगळे कान देऊन. प्रशिक्षकाला जे बोलायचे ते यांच्या देखत. ज्या पोराने दोन चेंडू सोडले त्याची आई चार हातांवर उभी आहे. आणि सोमवारी सकाळी त्याच बाईला दुकानात सामोरे जायचे आहे. शहरातला प्रशिक्षक खेळाडू बदलून प्रश्न सोडवतो. गावात बदलायला माणूसच नसतो. अठरा जणांत दोघे-तिघे खरे चांगले, बाकीचे शेतकरी, फिटर, बँकेतले कारकून, मास्तर. त्यांच्याकडून जितके निघेल तितके काढायचे, न रागावता काढायचे, आणि हे करत असताना स्वतः चेंडूखाली जाऊन मारही खायचा. सूचना द्यायची तर धापा टाकत द्यायची. या कामात जे शिकायला मिळते ते शहरात शिकायची सोय नव्हती, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. लीगचा दर्जा खालचा असेल तर तिथली प्रीमियरशिप कितीशी मोलाची? दर्जा खालचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. ओव्हन्स अँड मरेचा सर्वोत्तम संघ मेलबर्नच्या सर्वोत्तम संघासमोर टिकला नसता. पण आक्षेप घेणारे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. खेळाडूचे मोल प्रतिस्पर्ध्याच्या दर्जावर बरेच ठरते. प्रशिक्षकाचे मोल हाती आलेल्या माणसांत किती फरक पडला यावर. शिवाय समोरच्या संघांचे प्रशिक्षकही ऐरेगैरे नव्हते. ज्या लीगमध्ये एका क्लबाला ब्राउनलोचा मानकरी शिकवतो, दुसऱ्याला कॉलिंगवूडचा विंगर, तिसऱ्याला फिट्झरॉयचा माजी कर्णधार-प्रशिक्षक, तिथे मैदानावरचे पाय कच्चे असतील, डोकी नव्हती. स्टीफन यांचा प्रवास तर फारच बोलका आहे. ते १९५५ ते १९५७ फिट्झरॉयचे प्रशिक्षक होते, मग यारावोंगाला गेले, आणि १९६५ मध्ये फिट्झरॉयने त्यांना परत बोलावले. वाइडमन यांनाही १९७५ मध्ये कॉलिंगवूडने प्रशिक्षक केले. गाव म्हणजे उताराची वाट असती तर तिथून माणसे वर परत आली नसती. ही येरझार होती, आणि शहरातले क्लब तिच्यावर डोळा ठेवून होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. रोज पैशासाठी गेले. त्याला एवढे तत्त्वज्ञान कशाला चिकटवायचे? मला यात आक्षेपासारखे काही दिसत नाही. संसारी माणसाने आपल्या कसबाचे चार पैसे अधिक मिळतात तिथे जावे, हा गुन्हा शहराकडे येणाऱ्याला कुणी कधी लावत नाही. नाया वेस्टचा मुलगा मेलबर्नला आला तर ती महत्त्वाकांक्षा. मेलबर्नचा नायक वँगरॅटाला गेला तर ती हाव. शब्दांचा हा दुटप्पीपणा दिशेवरून ठरलेला आहे. आणि पैशाने माणूस येतो हे खरे असले तरी पैशाने तो सात हंगाम राहत नाही. त्या काळी बरेच नामांकित कर्णधार-प्रशिक्षक दोन-तीन वर्षांचे करार संपवून पुढच्या गावाचा रस्ता धरत. फिरत्या तमाशाच्या फडासारखी त्यांची मुक्कामाची गावे बदलत. रोज ठाण मांडून राहिले. त्यांचे धाकटे चिरंजीव पीटर रोज, जे पुढे कवी आणि 'ऑस्ट्रेलियन बुक रिव्ह्यू'चे संपादक झाले, त्यांचे बालपण याच गावात गेले. २००१ मध्ये त्यांनी आपल्या कुटुंबावर 'रोज बॉइज' हे पुस्तक लिहिले, आणि खेळाडूच्या घराविषयी लिहिलेले इतके संयत पुस्तक विरळा.

तिसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतो, कारण वरचा तिसऱ्या सत्राचा परिच्छेद लिहिताना हात थोडा सैल सुटला हे मला कळते. गावाचे गोडवे गाणे सोपे. पण मरेच्या काठच्या या फुटबॉलने सगळ्यांना कोंडाळ्यात घेतले नव्हते. चहाच्या टेबलामागच्या बायकांच्या श्रमावर क्लब चालत, आणि समितीच्या टेबलाशी बसत ते पुरुष. नदीपलीकडच्या कमरागंजा या आदिवासी वस्तीतून डग निकोल्स आले. १९२७ मध्ये कार्ल्टन क्लबात त्यांच्या रंगामुळे त्यांना सहकाऱ्यांनी जवळ येऊ दिले नाही, आणि लीगमध्ये खेळायला त्यांना १९३२ उजाडावे लागले, फिट्झरॉयमध्ये. तिथे एका कोपऱ्यात एकट्या बसणाऱ्या निकोल्सना आपल्या शेजारी घेणारे बंटन ऑल्बरीचे होते, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. पण एका ऑल्बरीकराच्या चांगुलपणाने गावांचा हिशेब चुकता होत नाही. ज्या मुलखाने निकोल्स घडवले त्याच मुलखाने त्यांच्या माणसांना वस्तीच्या कुंपणाआड ठेवले. निकोल्स १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले, हे त्यांचे कर्तृत्व. मी गावच्या फुटबॉलला निरागस म्हणत नाही. ते महत्त्वाचे होते, एवढेच म्हणतो. होल्टन यांचेच पाहा. वँगरॅटाचा हा प्रशिक्षक १९५८ मध्ये त्याच टापूतून, इंडाय मतदारसंघातून, कंट्री पार्टीच्या तिकिटावर संसदेत निवडून गेला, १९७७ पर्यंत टिकला आणि मधे मंत्रीही झाला. जिथे फुटबॉल शिकवणारा माणूस दोन दशके खासदार राहतो, तिथे फुटबॉल हा फावल्या वेळचा उद्योग असूच शकत नाही. ती सत्तेची जागा होती, आणि सत्तेच्या जागेवर कोणाला बसू दिले जाते, कोणाला नाही, हेही तिच्यासोबत येतेच.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप. वँगरॅटा ही एवढी मोठी शाळा होती, तर तिथून शिकून आलेला माणूस तिन्ही मोठ्या परीक्षांत नापास कसा झाला? १९६४ ची ग्रँड फायनल मेलबर्नने ८.१६ (६४) विरुद्ध ८.१२ (६०) अशी जिंकली. कॉलिंगवूडने शेवटी शेवटी आघाडी घेतली होती आणि नील क्रॉम्प्टन या बचावपटूने, ज्याचे गोल मारणे हे कामच नव्हते, पुढे येऊन गोल मारला. १९६६ ला सेंट किल्डाच्या बॅरी ब्रीन यांचा वेडावाकडा फटका गोल न होता बिहाइंड झाला, आणि तेवढ्या एका गुणाने कॉलिंगवूड हरले. १९७० ला १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर मध्यंतराला ४४ गुणांची आघाडी होती. कार्ल्टनने १० गुणांनी सामना मारला. तीन पराभव मिळून १५ गुण, म्हणजे अडीच गोल. क्लबचेच माजी खेळाडू लू रिचर्ड्स यांनी या क्लबच्या ऐनवेळच्या पोटगोळ्याला 'कॉलिवॉबल्स' असे नाव देऊन टाकले आणि ते कायमचे चिकटले. पण आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात. बारा संघांच्या लीगमध्ये पहिल्या चौघांना अंतिम फेरीत जागा होती. रोज यांच्या आठ हंगामांत कॉलिंगवूड सात वेळा त्या चौघांत होते; फक्त १९६८ ला हुकले. मिळालेल्या माणसांना वर्षानुवर्षे वरच्या पातळीवर ठेवणे, हेच ते गावात शिकलेले काम. पहिले दोन पराभव मी नशिबाच्या खाती टाकतो. तिसरा टाकत नाही. १९७० च्या मध्यंतरात कार्ल्टनच्या रॉन बरासी यांनी खेळाची तऱ्हाच बदलली. चेंडू मुठीने पुढे ढकलत सुटा म्हणून सांगितले आणि बाकावरच्या टेड हॉपकिन्सला आत आणले, त्याने चार गोल ठोकले. रोज यांच्याकडून तसे निष्ठुर, झटपट उत्तर आले नाही. आपल्या अठरा जणांवर भरवसा ठेवायचा, ते सावरतील, ही गावातली सवय त्या दुपारी महाग पडली असावी. म्हणजे वँगरॅटाने त्यांना घडवले तसे थोडे अडवलेही. माझ्या मुद्द्याला यामुळे धक्का लागत नाही, उलट बळच येते. त्यांच्या प्रशिक्षणाचे गुण आणि दोष दोन्ही समजून घ्यायचे तर त्या सात वर्षांकडेच जावे लागते.

ही वाट पुढे बुजली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्नच्या लीगने राज्याचा ग्रामीण मुलूख आपल्या क्लबांत वाटून घेतला. बेंडिगोचा परिसर कार्ल्टनला, मॉर्निंग्टन द्वीपकल्प हॉथॉर्नला, अशी वतने लागली. वतनातल्या मुलावर वतनदाराचा हक्क. १९८६ पासून देशव्यापी ड्राफ्ट आला. शहरातला मोबदला वाढत गेला तसे गावाचे पारडे हलके झाले, आणि सत्ताविशीतला नायक स्वखुशीने गावाकडे निघण्याचे कारणच उरले नाही. कर्णधार-प्रशिक्षक ही जातही शहरातून संपली; ॲलेक्स जेसॉलेंको यांनी १९७९ ला कार्ल्टनसाठी मिळवलेली प्रीमियरशिप त्या जातीची तिथली शेवटची. रोपवाटिकेची समजूत या नंतरच्या काळात खरी ठरली, आणि मग ती मागे नेऊन १९५६ वरही लावली गेली. जो नियम १९६७ नंतर जन्मला त्याने त्याआधीच्या माणसांची आयुष्ये मोजण्याचा हा प्रकार आहे.

रोज यांच्या उत्तरायुष्यात फुटबॉलहून मोठे दुःख आले. थोरला मुलगा रॉबर्ट, कॉलिंगवूडचा फुटबॉलपटू आणि व्हिक्टोरियाचा क्रिकेटपटू, १९७४ च्या फेब्रुवारीत मोटार अपघातात मानेखाली लुळा झाला. १९९९ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत, पाव शतक, घराने त्याची सेवा केली. अपघाताच्या वेळी रोज फुट्सक्रे क्लबचे प्रशिक्षक होते. १९८५ मध्ये ते कॉलिंगवूडला दुसऱ्यांदा प्रशिक्षक म्हणून परतले, आणि २००३ मध्ये गेले. या लेखाला मात्र थांबायचे आहे ते १९६४ च्या सप्टेंबरापाशी. त्या महिन्यात मेलबर्नच्या भल्यामोठ्या मैदानावर रोज चार गुणांनी हरले. त्याच हंगामात, त्यांनी दोनच वर्षांपूर्वी सोडलेल्या क्लबाने केन बॉइड या नव्या कर्णधार-प्रशिक्षकाच्या हाताखाली ओव्हन्स अँड मरेची प्रीमियरशिप जिंकली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. त्या संघातल्या बऱ्याच जणांना चेंडूखाली जायला ज्याने शिकवले, तो खेळसाहित्याचा दुकानवाला तेव्हा गावात नव्हता.